युताकाच्या शेजारी

शिनागावाच्या कार्यालयात, सात नंबरच्या खिडकीवर
कागद आधी माझ्या हातात आला.
बाबांना इथली भाषा बोलता येते, वाचता येत नाही.
त्यामुळे दातांच्या डॉक्टरपासून घरमालकापर्यंत
सगळ्यांचं म्हणणं मीच त्यांना सांगत आलेय,
सहा वर्षांची होते तेव्हापासून,
जे सांगवत नाही ते गाळत.

आज चारच ओळी होत्या.
गाळण्याजोगं काही नव्हतं.

"काय म्हणतायत?" बाबांनी कुर्दीत विचारलं.
थांबा, नीट वाचते, मी म्हटलं.
नीटच वाचलं होतं.
त्यात माझंही नाव होतं, कावागुचीच्या हॉस्पिटलात ठेवलेलं:
झोझान. म्हणजे उन्हाळ्यात मेंढ्या चरायला नेतात
तो डोंगरमाथा.
मी तो पाहिलेला नाही,
आणि मी तिथं परत जायचं आहे.

बाबा घरं पाडतात. एकवीस वर्षं.
कागदावर त्यांना काम करायची मनाई आहे,
पण जुनं घर पाडायचं असलं की
कागद कोणी मागत नाही.
आधी आतल्या चटया उचलायच्या,
मग कौलं, हातानं, एकेक,
मग भिंती. आणि धूळ शेजारी जाऊ नये म्हणून
पाण्याचा फवारा धरून उभं राहायचं.
कामियाबाई थंड चहाचे डबे घेऊन यायच्या,
वाकून म्हणायच्या, शेरो-सान,
तुमच्या हातून घर किती शांतपणे जातं.

एकदा त्यांनी असल्याच एका घरातला खांब आणला,
टेम्पोत आडवा घालून, गोधडीत गुंडाळून.
खांबावर पेन्सिलीच्या रेघा:
युताका, चार वर्षं. युताका, सात. युताका, बारा.
पुढे तो वाढलाच नाही,
किंवा खांबाला पाठ लावून उभं राहणं त्यानं सोडलं.
भाड्याच्या भिंतीवर रेघ मारायची नाही, असं करारात होतं,
म्हणून माझ्या रेघा त्याच्या शेजारी.
अकराव्या वर्षी मी बारा वर्षांच्या युताकाला मागं टाकलं.
त्या रात्री आईनं दुधातला भात केला होता.

बाकी कशालाही बाबांचं उत्तर एकच: राहू दे.
दाढ ठणकतेय? राहू दे, विम्याचं कार्ड कुठाय.
तळपायात खिळा? राहू दे.
शाळेची सहल टोकियोला, आराकावा नदीच्या पलीकडे,
पूल ओलांडायला आधी अर्ज, अर्जावर शिक्का,
शिक्क्यासाठी रांग.
राहू दे, झोझान, नदी अलीकडूनही दिसते.
मी चिडायचे. दार आपटायचे. घाबरट म्हणायचे,
तेही जपानीत, त्यांना बरोबर कळेल असं.

सात नंबरच्या खिडकीवर पहिल्यांदाच वाटलं,
हा माणूस इतकी वर्षं
सोडून देत नव्हता काही.
मागत होता.

अधिकारी सभ्य होता, माझ्या वर्गशिक्षकाएवढा असेल.
पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला या, म्हणाला.
सामान माणशी वीस किलो.
मी तेवढंच सांगितलं आधी.
तारीख आणि किलो.
चार ओळी पिशवीत घातल्या, डब्याखाली.

परतीच्या गाडीत बाबा बोटांवर काहीतरी मोजत होते.
पूल आला. पाणी खाली, मचूळ, रुंद.
आजच्या दिवसापुरती संध्याकाळी सहापर्यंत
आम्हाला त्यावरून जायची मुभा होती.
साडेपाच वाजले होते.

"खांब कापला," ते म्हणाले, "वरचा खालचा भाग टाकला,
रेघांपुरता ठेवला,
तर किती भरेल?"
मला माहीत नव्हतं.
"सुगीचं लाकूड आहे. हलकं असतं," तेच म्हणाले.
आणि बऱ्याच वेळानं, स्टेशन आल्यावर, उठता उठता:
"पण त्या पोराला कापता नाही येणार.
तुमच्या रेघा एकात एक आहेत."